नवा संगणक सुरू होत नाही तेव्हा

घरात नवी वस्तू आली की ती चालू होण्याच्या क्षणाची सारे कुटुंब वाट पाहते. संगणकाच्या बाबतीत ही उत्सुकता अधिक असते, कारण त्यामागे पुष्कळदा अनेक महिन्यांची बचत असते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांतील काही विद्यार्थी तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवितात आणि घरीच त्यांची जोडणी करतात. त्यात पैसा वाचतो आणि यंत्राची ओळखही होते. जोडणी पूर्ण होते, घरची मंडळी भोवती जमतात, बटण दाबले जाते आणि पडदा काळाच राहतो. वडिलांच्या मनात खर्चाचा आकडा उभा राहतो, मुलाचा चेहरा उतरतो आणि ‘तयारच घ्यायला हवा होता’ असे कोणीतरी बोलून जाते.

वास्तविक त्या क्षणी काहीच सिद्ध झालेले नसते. नव्या जोडणीत एखादा भाग निकामी निघण्यापेक्षा एखादी जोड अपुरी राहिलेली असण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. ती जोड शोधण्यासाठी मोठ्या ज्ञानापेक्षा क्रमाची गरज असते.

या क्रमाचे एक उत्तम उदाहरण मुंबईतच घडले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ च्या सुमारास प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने संगणक येथेच घडविण्याचे काम हाती घेतले. त्यांनी एकदम पूर्ण यंत्र उभारले नाही. प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र तयार केले आणि १९५६ मध्ये ते चालवून दाखविले. त्यावरून रचना पारखून घेतल्यावरच मोठ्या यंत्राला हात घातला. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. थोडे जोडावे, ते चालते का पाहावे आणि मग पुढचे जोडावे, ही त्या कामाची रीत होती. घरच्या टेबलावरील संगणकालाही हीच रीत लागू पडते.

आरंभ निरीक्षणाने करावा. बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, असे असेल तर प्रश्न विजेच्या वाटेवर आहे. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर कोठेतरी शॉर्ट होत आहे किंवा एखादी जोड राहिली आहे. पंखे व्यवस्थित फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, तर रॅम, प्रोसेसर किंवा पडद्याची केबल यांकडे पाहावे. पडद्यावर कंपनीचे नाव आणि बायोसचे पान येत असेल, तर यंत्र उत्तम चालू आहे. त्यात केवळ विंडोज किंवा लिनक्स भरणे बाकी आहे. हा शेवटचा प्रकारही अनेकजण बिघाड समजतात.

विजेच्या वाटेवर पाहावयाच्या गोष्टी साध्या असतात. त्या बोर्डवर दुसरा दिवा लावून वीज येते का ते पाहावे. पॉवर सप्लायच्या मागील बाजूस एक लहान स्विच असतो. तो बंद राहिल्याने हताश झालेली घरे थोडी नाहीत. मदरबोर्डवरील २४ पिनांची रुंद जोड पूर्ण दाबून बसलेली असावी. कॅबिनेटच्या बटणापासून येणाऱ्या दोन बारीक तारा नेमक्या पिनांवर आहेत का, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहावे. सर्वांत अधिक विसरली जाते ती प्रोसेसरसाठीची चार किंवा आठ पिनांची स्वतंत्र जोड. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते. ती राहिली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण यंत्र जागे होत नाही.

बीड जिल्ह्यात याखेरीज अर्थिंगचा विचार करावा लागतो. जमीन कोरडी पडली की तिच्यातून वीज सहज वाहत नाही. अवर्षणाच्या वर्षी, भर उन्हाळ्यात, अर्थिंग क्षीण होते ते यामुळेच. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरण्याची आणि वरचेवर पाणी सोडण्याची पद्धत याच कारणाने पडली. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील, तर संगणक लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसविण्याची सवय तर कटाक्षाने सोडावी. घरातील स्वस्त इन्व्हर्टरवर संगणक सुरू होत नसेल, तर तो थेट विजेवर लावून पाहावा. काही पॉवर सप्लायना अशा इन्व्हर्टरची वीज मानवत नाही.

एवढे पाहूनही उपयोग झाला नाही, तर टिफ्रॅकची रीत अवलंबावी. प्लग काढावा आणि बटण एकदा दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून मगच भागांना हात लावावा. नंतर मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढेच ठेवावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसेल, तर ग्राफिक्स कार्डही लावावे आणि पडद्याची केबल त्या कार्डलाच जोडावी. अशा वेळी मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेला पडदा काळाच राहणार. रॅमची पट्टी ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावी. एका खाचेत चालली नाही तर दुसऱ्या खाचेत पाहावी, मग दुसरी पट्टी घ्यावी.

येथे पडदा उजळला, तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ती रॅम निर्दोष ठरली. मग एकेक भाग वाढवावा आणि प्रत्येक वेळी यंत्र सुरू करून पाहावे. ज्या भागानंतर ते अडेल, तेथे दोष आहे. पुठ्ठ्यावर चालते पण कॅबिनेटमध्ये चालत नाही, असे झाल्यास मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी आधार किंवा घरंगळलेला स्क्रू शोधावा. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत. यंत्र सुरू झाले तरी कशामुळे झाले हे कळत नाही आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते. केलेली प्रत्येक कृती वहीत लिहून ठेवावी.

धीराचीही येथे कसोटी असते. डीडीआर-५ प्रकारची रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवाजुळव करतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. तोपर्यंत पडदा काळाच असतो. घाबरून पुनःपुन्हा बंद-चालू केल्यास ते काम दरवेळी मुळापासून सुरू होते. पंधरा मिनिटे थांबणे हाही एक उपाय आहे.

काही ठिकाणी मात्र हात आवरावा. पॉवर सप्लायचे खोके कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहू शकते. जळका वास आला तर पुन्हा बटण दाबू नये. प्रोसेसरच्या सॉकेटमधील पिन वाकली असेल, तर ती सरळ करण्याचा प्रयत्न न करता तिचे छायाचित्र काढून विक्रेत्यास दाखवावे. बिले आणि खोकी संगणक सुरळीत चालेपर्यंत जपावीत, आणि वस्तू परत देण्याची मुदत संपण्यापूर्वी विक्रेत्यास कळवावे. वहीतील नोंदी तेव्हा उपयोगी पडतात. ‘संगणक चालत नाही’ असे म्हणणाऱ्या ग्राहकापेक्षा ‘दोन्ही पट्ट्या दोन्ही खाचांत लावून पाहिल्या, मदरबोर्डवरील रॅमचा दिवा पेटलेलाच राहतो’ असे सांगणाऱ्या ग्राहकाचे काम लवकर होते. बीडहून पुण्याची एक फेरीही त्यामुळे वाचते.

या साऱ्यात घरच्या मोठ्यांचा वाटा लहान नाही. आरडाओरड झाली की मुलाचे हात घाईने चालतात, आणि घाईत दाबलेली पट्टी किंवा ओढलेली तार मूळ दोषापेक्षा मोठे नुकसान करते. त्याऐवजी कोणीतरी विजेरी धरून शेजारी बसावे, कोणी पुस्तिकेतील आकृती वाचून दाखवावी, आणि ‘आता काय काय पाहून झाले?’ एवढेच शांतपणे विचारावे. असा एक दोष मुलाने स्वतः शोधून काढला की पुढे सायकलची साखळी असो, शेतातील मोटार असो किंवा हिशेबातील चूक असो, कोठून आरंभ करावा हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.