वळणावरची मोटारसायकल आणि बांधावरचा ऊस

शेतीला वाहिलेल्या मासिकात मोटारसायकलीच्या वळणाची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. ट्रॅक्टरने बैलाची जागा किती घेतली याविषयी वाद होऊ शकेल. परंतु घोड्याची, छकड्याची आणि निम्म्याअधिक पायपिटीची जागा मोटारसायकलीने घेतली याविषयी वाद नाही. डेअरीचे दूध, खताची गोणी, जळालेली पाण्याची मोटर, मळ्यातली भाकरी आणि कॉलेजास जाणारा मुलगा ही सर्व ओझी आज तिच्यावर आहेत. घरातला कर्ता माणूस ज्या अवजारावर दिवसातून चारदा बसतो, ते कसे वापरावे हा शेतीचाच प्रश्न होय. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरची शेकडा ४४ हून अधिक होती, आणि एकंदर मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश ग्रामीण भागात घडले. कोणत्याही रोगाने आपल्या गोठ्यातली इतकी जनावरे नेली असती, तर आपण स्वस्थ बसलो नसतो.

आमचे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. वळणावरचा वेग वळण येण्यापूर्वी ठरला पाहिजे, आणि तो पुढचा रस्ता किती दिसतो यावरून ठरला पाहिजे. दुसरे असे की, रस्ता किती दिसावा हे पुष्कळ ठिकाणी सरकारच्या नव्हे, तर वळणाच्या आतल्या बाजूस ज्याची जमीन आहे त्याच्या हाती असते.

प्रथम गाडीविषयी. दुचाकी वळते ती कलून वळते. नमुन्यादाखल ३० मीटर, म्हणजे सुमारे १०० फूट त्रिज्येचे वळण घ्या. त्यावरून ताशी ४० किलोमीटरने जाताना गाडी उभ्या रेषेपासून सुमारे २३ अंश कलावी लागते. ताशी ६० ने जाताना ४३ अंश. वेग वाढला दीडपट, परंतु टायरवरची ओढ वाढली सव्वादोनपट, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या प्रवासी गाडीचे पायदान किंवा स्टँड तितके कलण्यापूर्वीच बहुधा रस्त्यास घासते. खाली बारीक खडी असेल, तर चाक त्याच्या कितीतरी आधी निसटते.

टायरची पकड ही एका विहिरीच्या पाण्यासारखी आहे. तिच्यावर दोन मळे भिजतात: एक वळण्याचा, दुसरा थांबण्याचा. वळणात सगळे पाणी पहिल्या मळ्याकडे चाललेले असताना ब्रेक करकचून दाबला, की ते दुसरीकडे फुटते आणि गाडी आडवी होते. सबब, ब्रेक वळणाच्या अलीकडे, गाडी सरळ उभी असताना लावावा. गिअर तेथेच उतरवावा. मग मूठ हलकी व स्थिर धरून वळण पार करावे आणि पुढचा सरळ रस्ता दिसू लागला म्हणजेच ती पिळावी. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना पेट्रोल वाचते म्हणून इंजिन बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ही आत्मघाताची काटकसर होय. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांस चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा, आणि त्याखालच्यांस निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना सक्तीची झाली. सरळ रस्त्यावर तिचा उपयोग मोठा आहे. परंतु कललेल्या गाडीसाठी ती विहिरीत जादा पाणी आणीत नाही.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिसच्या परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. ज्या अपघातांत दुसरे वाहनच नव्हते, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश ठिकाणी चूक चालकाची आढळली, आणि तिचे ठळक प्रकार दोन होते: जास्त ब्रेक लावून घसरणे, किंवा वेग जास्त ठेवल्याने वा गाडी पुरेशी न वळवल्याने वळणाबाहेर जाणे. मुलूख दूरचा आणि काळ जुना असला, तरी आमच्या रस्त्यांवर ह्या दोन्ही चुका रोज पाहावयास मिळतात. यांतील शेवटची विशेष शोचनीय होय. गाडी वळू शकत असते, पण माणूस घाबरतो, अंग ताठ करतो, नजर समोरच्या चरावर खिळवतो आणि त्याच चरात जातो. नजर जेथे जाईल तेथे गाडी जाते. म्हणून मान वळणाच्या पलीकडच्या टोकाकडे वळलेली असावी. गाडी आणखी कलवावयाची तर ज्या बाजूस वळायचे त्या बाजूची मूठ किंचित पुढे ढकलावी. डावी मूठ ढकलली की चाक क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे कलते. ऐकणारास हे उलटे वाटते. पुढे विमानाने नाव कमावणारे विल्बर राइट हे मूळचे सायकलींचे दुकानदार. त्यांनी अनेक सायकलस्वारांस 'डावीकडे कसे वळता' असे विचारले, तेव्हा एकालाही ते पूर्णपणे बरोबर सांगता आले नाही. करीत मात्र सर्वजण तेच होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, बेताच्या वेगाने हे एकदा करून पाहावे आणि मुलांकडूनही करवून घ्यावे.

ओझ्याविषयी फार लिहीत नाही. एका बाजूस भरलेला दुधाचा कॅन आणि दुसऱ्या बाजूस रिकामा, अशी गाडी दोन्ही वळणांवर सारखी वागत नाही. मागच्या चाकाच्याही मागे लटकणाऱ्या गोणीने पुढचे चाक हलके होते, आणि आडव्या बांधलेल्या वैरणीचे टोक गाडी कलली की रस्त्यास टेकते. हेल्मेट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ अन्वये सक्तीचे आहे; ते डोक्यावर असावे, हँडलला टांगलेले नसावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक लावण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० च्या वेगातली गाडी सुमारे ७० फुटांत उभी राहते आणि ६० च्या वेगातली सुमारे १३० फुटांत. ओल्या रस्त्यावर याहून अधिक लागेल. गावचा रस्ता बहुधा एकेरी, पावणेचार मीटरचा किंवा त्याहूनही अरुंद असतो. समोरून येणारा आपल्याच पट्ट्यातून येतो आणि त्यालाही थांबण्यास जागा हवी. म्हणून दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्यात आपली गाडी थांबली पाहिजे.

वर घेतलेल्या १०० फूट त्रिज्येच्या वळणाच्या आत रस्त्याला खेटून दहा फूट उंच ऊस उभा असेल, तर स्वारास पुढे जेमतेम ७० फूट दिसते. त्याच्या निम्म्यात, म्हणजे ३५ फुटांत थांबावयाचे तर वेग ताशी २५ च्या वर असता कामा नये. २५ ने जाणारा तरुण आमच्या तरी पाहण्यात नाही. हाच ऊस बांधापासून १५ फूट मागे घेतला, तर दृष्टी सुमारे १३० फुटांपर्यंत पोहोचते आणि जवळजवळ ४० चा वेग हिशेबात बसतो. याचा अर्थ नजर वाढली म्हणून वेगही ६० वर न्यावा असा नव्हे. तेथे ४३ अंशांची आठवण ठेवावी.

यास खर्च किती? वळणाच्या आतल्या अंगाने सुमारे १३० फूट लांबीचा आणि १५ फूट रुंदीचा पट्टा म्हणजे दोन गुंठ्यांच्या आतली जमीन. एकरी ४० टन उतारा धरला, तर दोन टनांच्या आत ऊस. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास ठरविलेला दर क्विंटलला ३४० रुपये होता. म्हणजे तोडणी-वाहतूक न वजा करता ६,८०० रुपयांच्या आतली रक्कम. शिवाय तो पट्टा पडीक ठेवा असे आम्ही म्हणत नाही. तेथे भुईमूग, सोयाबीन, हरभरा, कोथिंबीर असे गुडघ्याखालचे पीक घ्यावे. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाची नजर त्यावरून जाते. ज्वारी, मका आणि हत्तीगवत तेवढे टाळावे. बांधावरची घाणेरी व बाभळीची खालची डहाळी पावसाळा संपताच तोडावी.

'रस्ता सरकारचा, मी माझ्या गटात काय पेरावे हे कोण सांगणार?' असा प्रश्न आम्हांस अनेकदा ऐकावयास मिळतो. कायद्याचा विचार करता त्यात तथ्य असेल. परंतु त्या वळणावरून सर्वांत जास्त वेळा जाणारा माणूस कोण? ज्याचा ऊस, त्याचाच मुलगा.

काळ्या जमिनीतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल, वळणावर सांडलेले वाढे, मळणीसाठी रस्त्यावर पसरलेले सोयाबीन आणि अंधारात मागे तांबडी पट्टी नसलेली ट्रॉली, यांचेही धनी आपणच आहोत. फावड्याने पाच मिनिटांत ओढता येणारा चिखल रात्रभर तसाच राहतो, आणि पहाटे दूध घेऊन निघालेला कोणी त्यावर घसरतो.

आडसाली लागणीच्या सऱ्या जुलै-ऑगस्टात पडतील. ज्यांचे क्षेत्र वळणाच्या आत येते त्यांनी सरी पाडण्यापूर्वी एकदा मोटारसायकलवर बसून, रस्त्याच्या डाव्या अंगाने, दोन्ही दिशांनी ते वळण सावकाश घ्यावे. जेथे नजर अडेल तेथे खुंटी ठोकावी आणि पहिली सरी त्या खुंटीच्या आत धरावी.