ग्वाल्हेरीतील एक दिवस

गतवर्षी व्यापारानिमित्त ग्वाल्हेरीस जाण्याचा योग आला. सोबत चिरंजीव होते. सराफा बाजारातील काम पहिल्याच दिवशी उरकले; परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची. मधला दिवस किल्ला पाहण्यात घालवावा असे ठरले खरे, परंतु मनातल्या मनात तो मी खर्चाच्याच बाजूस मांडून ठेवला होता. तो जमेच्या बाजूस कसा आला, हे सभासद बंधुभगिनींस सांगावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

सकाळी उरवाई दरवाजाकडून चढू लागलो. वळणावळणाच्या रस्त्यालगत कड्याच्या अंगातच तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांतील भगवान आदिनाथांची उभी मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. मान वर करून पाहता पाहता टोपी पडावी, अशी ती उंची. आणि एवढ्या उंचीवरही मुद्रेत गर्वाचा लवलेश नाही. पुष्कळ मूर्तींची मुखे मात्र भग्न आहेत. काहींची पुढे चुन्याने पुन्हा घडविलेली दिसतात.

चिरंजीवांनी विचारले, “बाबा, ह्या कोणी फोडल्या?” मी तत्काळ उत्तर दिले, “बाबराने.” उत्तर चुकीचे नव्हते, त्या आज्ञेचा उल्लेख बाबराने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच केला आहे. लगेच दुसरा प्रश्न आला, “आणि घडविल्या कोणी?” ह्यावर मी निरुत्तर झालो. फोडणाऱ्याचे नाव मुखोद्गत आणि घडविणाऱ्याचे ठाऊक नाही! त्या क्षणी मला जी लाज वाटली, तीच ह्या लेखाचे कारण आहे.

घरी येऊन ग्रंथ चाळले, तेव्हा उत्तर मिळाले. ह्या मूर्ती बहुतांशी पंधराव्या शतकातील, तोमर राजे डुंगरसिंह व त्यांचे पुत्र कीर्तिसिंह यांच्या कारकिर्दीतील आहेत. राजे स्वतः जैन नव्हते; तरी त्यांनी आपल्या किल्ल्याचा कडा ह्या कार्यास मोकळा केला. द्रव्य वेचले ते मुख्यतः जैन श्रावकांनी. त्याच काळी ग्वाल्हेरीत राहून अपभ्रंश भाषेत ग्रंथरचना करणाऱ्या रइधू कवीने आपल्या आश्रयदात्या श्रेष्ठींचे व त्यांच्या कुळांचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणजे आपल्यासारख्याच दुकानदार-सावकारांच्या वह्यांतून हा डोंगर बोलका झाला.

माथ्यावर सासबहू मंदिर आहे. कच्छपघात राजा महिपाल याच्या काळातील, १०९३ सालचा शिलालेख तेथे आहे. देवालय विष्णूचे, परंतु त्या लेखाचा लेखनिक यशोदेव हा दिगंबर जैन! जवळच शीख बांधवांचे दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीर बादशहाच्या कैदेत असलेल्या गुरु हरगोविंदांचे ते स्मरण. एका डोंगरावर इतक्या श्रद्धा शेजारी नांदतात, हे मुलांनी पुस्तकात वाचण्यापेक्षा पायांनी चालून पाहिलेले बरे.

पूर्वेच्या वाटेने उतरताना एकाच खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. व्यापाऱ्याने तेथे अवश्य थांबावे. इ. स. ८७६ च्या तेथील शिलालेखात २७० हात लांबीच्या फुलबागेचा आणि रोज द्यावयाच्या ५० माळांचा उल्लेख आहे. ह्या दोन्ही आकड्यांत शून्य स्पष्ट कोरलेले आहे. शून्याच्या भारतातील अतिप्राचीन नोंदींपैकी ही एक. ज्या चिन्हावाचून आपली एकही खतावणी चालत नाही, ते येथे देवाच्या हिशेबात भेटते. शिवाय दिव्याचे तेल तेल्यांच्या संघाने आणि माळा माळ्यांच्या संघाने पुरवाव्यात, अशी व्यवस्थाही तीत नमूद आहे. व्यापारी संघ ही काही आजची कल्पना नव्हे!

कोणी म्हणतील, व्यापाऱ्याला एवढी सवड कोठली? सवड नसते हे खरे. परंतु गाडीची वाट पाहत वखारीत बसून काढलेले दिवस आपण कधी मोजले आहेत काय? आणि सवडीपेक्षाही मोठी उणीव जाणण्याच्या इच्छेची आहे. मी बेळगावचा. आमच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधविली. तिच्यावरून जन्मभर ये-जा करूनही हे नाव मला ग्वाल्हेरीहून परतल्यावरच समजले.

म्हणून नम्र सूचना एवढीच. कामानिमित्त परगावी जाल, तेथे एक दिवस राखून ठेवा. मुले सोबत न्या. वृषभ दिसला तर आदिनाथ, नागफणा दिसला तर पार्श्वनाथ, एवढे तरी त्यांस ओळखता यावे. प्राचीन मूर्तींस तेल, रंग लावू नये, भिंतींवर नावे खरडू नयेत. संरक्षित वास्तूंस परस्पर हात लावणे कायद्यानेही वर्ज्य आहे. परंतु त्यांतील शिलालेखांचे मराठी भाषांतर छापणे आपल्या हाती आहे. नव्या बांधकामाच्या देणगीतून शंभरातील एक रुपया संघाने ह्या कार्यास काढावा, असे मला वाटते.

आपल्या पूर्वजांनी दान देताना नाव कोरले नसेल, तो त्यांचा विनय. ते आपण शोधले नाही, तो मात्र आपला आळस. पुढच्या वेळी मुलाने विचारले, तर “घडविल्या कोणी?” ह्या प्रश्नाचे उत्तर आपणापाशी तयार असावे.