थोरल्याचं वकीलपत्र

थोरल्या भावांविषयी आपल्याकडे फार चांगलं बोललं जातं. बोलणारे बहुधा थोरले भाऊच असतात. धाकट्याची बोलायची पाळी येईपर्यंत पंगत उठलेली असते आणि पानं उचलायचं काम त्याच्या वाट्याला आलेलं असतं. मी घरात धाकटा. थोरल्याला आखूड झालेले सदरे, थोरल्याने आधीच उत्तरं लिहून ठेवलेली (आणि तीही चुकीची) गणिताची पुस्तकं, आणि थोरल्याविषयी मास्तरांच्या मनात असलेलं मत, एवढी इस्टेट घेऊन मी शाळेत दाखल झालो. तेव्हा या विषयात मी निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये. निःपक्षपाती माणसाने क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायर व्हावं. वादात पडू नये.

वाद चालू आहे तो आमच्या मांजरीत. मांजरी म्हणजे पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरची. गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते ‘मांजरी गोटा’ या वांग्याने. पुढे इथे उसाचं संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आली, द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं, आणि मग इमारती अशा उगवल्या की त्यांच्यावर कुणी संशोधन करावं असं कुणाला सुचलंच नाही. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. अशा या गावातल्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर गेले कित्येक रविवार दहा-बारा मुलं तावातावाने भांडताहेत. क्रिकेटवरून नाही, पार्किंगवरूनही नाही. इटाची उचिहा या इसमाने आपल्या धाकट्या भावाशी केलं ते बरोबर की चूक, यावर!

हा इटाची जपानी आहे आणि कागदी आहे. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या चित्रकथेत तो राहतो. जपानीत अशा चित्रकथांना मांगा म्हणतात आणि त्या मागच्या पानावरून पुढे वाचायच्या असतात. ही कथा जपानच्या ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली आणि तिचे बहात्तर खंड झाले. अठरा पर्वांचं महाभारत पुरं न वाचताच त्याच्यावर मतं देणाऱ्या आमच्या पिढीने, बहात्तर खंड वाचून भांडणाऱ्या मुलांना ‘हल्ली कुणी वाचत नाही’ म्हणावं, यातली गंमत आमच्या बाकावरच्या ज्येष्ठांच्या ध्यानात येत नाही.

कथा थोडक्यात सांगतो. उचिहा हे कोनोहा नावाच्या गावातलं बलाढ्य घराणं. ते गावाविरुद्ध बंडाच्या तयारीत असतं. बंड झालं तर युद्ध पेटणार. गावातली वडीलधारी मंडळी त्याच घराण्यातल्या इटाचीला पेचात धरतात: घराणं की गाव? इटाची गाव निवडतो आणि एका रात्रीत सगळं घराणं कापून काढतो. आई-वडीलसुद्धा. फक्त धाकटा भाऊ सासुके, सात-आठ वर्षांचा, त्याला तेवढा जिवंत ठेवतो. नुसता ठेवत नाही. डोळ्यांतल्या मायावी विद्येने त्या पोराला ती कत्तल पुन्हा दाखवतो. ‘माझी ताकद अजमावायला मी हे केलं, तू मारण्याच्याही लायकीचा नाहीस, माझा द्वेष कर आणि जग’ अशा अर्थाचं सांगतो आणि निघून जातो. काही वर्षांनी सासुके समोर येतो तेव्हा त्याचं मनगट मोडतो आणि पुन्हा तीच माया त्याच्या डोक्यात भरतो. पोरगं इस्पितळात जाऊन पडतं. शेवटी दोघांची गाठ पडते, इटाची मरतो, आणि मग सासुकेला कळतं की दादाने हे सारं गावासाठी आणि आपल्याला वाचवण्यासाठी केलं होतं.

आता कट्ट्यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इटाची म्हणजे त्यागमूर्ती. दुसरा म्हणतो, इटाची म्हणजे छळवादी. पहिल्या पक्षात मुलं जास्त आहेत, आणि त्यांच्या छातीवर इटाचीचं चित्र असलेले टी-शर्ट आहेत. टी-शर्टवर माणूस आला की त्याच्याविरुद्धचा पुरावा फारसा टिकत नाही, हा जगाचा नियमच आहे.

बाकावरची मंडळी म्हणतात, ‘कसली ही जपानी खुळं! भावाने भावाला छळायचं आणि पोरांनी टाळ्या वाजवायच्या!’ मला हे ऐकून हसू येतं. अहो, हीच टाळी आपण वाजवलेली आहे. ‘मृत्युंजय’ आली १९६७ साली. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. होस्टेलच्या मेसमध्ये आमटी निवून साय धरेपर्यंत कर्णावरून भांडणं चालत. त्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. त्यामुळे एका टेबलावर कर्णाचे भक्त आणि दुसऱ्या टेबलावर कर्णाला तपासून घेणारे, अशी फाळणी झाली. कर्णभक्तांकडे टी-शर्ट नव्हते, एवढाच काय तो फरक.

आणि कर्णाची गोष्ट तरी काय वेगळी आहे? उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा, पांडव तुझे धाकटे भाऊ. यावर कर्ण काय म्हणतो? हे युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देईन. म्हणजे थोरल्याला सगळं माहीत, धाकटे पाचही अंधारात. पुढे युद्धात कर्ण दिलेल्या शब्दाप्रमाणे चौघांना जिवंत सोडतो; पण सोडताना भीमाला धनुष्याच्या टोकाने ढोसून खादाड म्हणायला विसरत नाही. आणि पाचवा, अर्जुन, आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला मारतो. कुणाला मारलं ते त्याला ठाऊक नाही. कुंती हे सांगते ती युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी. तेव्हा युधिष्ठिर इतका कळवळतो की यापुढे स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शापच देऊन मोकळा होतो. गुपित ठेवलं कर्णाने, कृष्णाने आणि कुंतीने. शाप मात्र समस्त महिलावर्गाला! असो.

कर्णाच्या दुःखावर आपण घागरीभर अश्रू ढाळले. कर्णाचं दुःख मोठंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न साधा आहे: अर्जुनाला कुणी विचारलं? नकळत भावाचा खून करायला लावलेल्या त्या माणसाच्या बाजूने मेसमधल्या एकाही टेबलावर कुणी हात वर केल्याचं मला आठवत नाही. कट्ट्यावरही सासुकेची तीच गत. ‘सासुके फार रडका आहे’ असं एक चिरंजीव म्हणाले. आई-वडील कापलेले दोनदा बघायला लावल्यावर माणसाने काय गरबा खेळावा?

इटाचीचे वकील चार मुद्दे मांडतात. चारही मी नीट ऐकून घेतले आहेत, कारण गुडघ्यांमुळे मला बाकावरून लवकर उठता येत नाही.

मुद्दा पहिला: त्याने युद्ध टाळलं. ठीक. पण युद्ध टाळायला धाकट्याचा छळ कशाला लागतो? कत्तलीला कारण आहे, भले ते कितीही भयंकर असो. मायेचा प्रयोग हा कत्तलीनंतरचा आहे. त्याचं कारण गावात सापडत नाही. ते सापडतं थोरल्याने धाकट्याच्या आयुष्याचा जो आराखडा परस्पर काढून ठेवला होता त्यात: याने माझा द्वेष करावा, त्या द्वेषावर बलवान व्हावं, मला मारावं आणि गावात वीर म्हणून मिरवावं. म्हणजे धाकट्याने काय वाटून घ्यायचं, तेही थोरल्याने ठरवलेलं. आणि आराखडा तरी यशस्वी झाला का? खरं कळल्यावर सासुके उलटला तो त्या गावावरच!

मुद्दा दुसरा: त्याचं भावावर प्रेम होतं. होतं ना! मी कुठे नाही म्हणतो? पण प्रेम होतं म्हणजे विचारण्याची गरज नव्हती, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? उलट परक्याने न विचारता काही केलं तर माणूस निदान पोलिसांत जाऊ शकतो. प्रेमाच्या माणसाविरुद्ध कुठल्या चौकीत जाणार?

मुद्दा तिसरा: त्याने स्वतः किती सोसलं! सोसलंच. पण थोरल्याने सोसलं म्हणून धाकट्याचं सोसणं वजा होत नाही. दोन्ही दुःखं एकाच वहीत जमेला आणि खर्चाला लिहून शिल्लक शून्य दाखवायची, हा हिशेब वाण्याकडे चालेल. घरात चालू नये.

मुद्दा चौथा, आणि हा खरा बिनतोड: इटाची तेव्हा अवघा तेरा वर्षांचा होता. हा मुद्दा एका नववीतल्या मुलीने मांडला आणि मी बाकावरच सावरून बसलो. तेरा वर्षांच्या पोराने हे ठरवलं असेल, तर ते त्याच्यावर कुणी टाकलं? गावातल्या वडीलधाऱ्यांनी! बंद खोलीत बसून निर्णय घ्यायचा, रक्त पोराच्या हाताला लावायचं, आणि आपण पांढऱ्या दाढीने शांततेवर बोलत बसायचं. गंमत बघा, कट्ट्यावरच्या वादात ही मंडळी कुठेच नाहीत. दोघा भावांना एकमेकांसमोर उभं केलं आणि म्हातारे बाकावर जाऊन बसले. मी आमच्या बाकाकडे एकदा पाहून घेतलं.

पण एवढं मान्य करूनही वकिलांना एक आठवण द्यायला हवी. कथेच्या शेवटी शेवटी किशिमोतो मेलेल्या इटाचीला विद्येच्या जोरावर परत आणतात. तेव्हा तो स्वतः भावाला सांगतो की तुझ्याशी पहिल्यापासून खरं बोललो असतो तर कदाचित निराळं झालं असतं. आणि हेही सांगतो की तू मला कधीही क्षमा केली नाहीस तरी चालेल. म्हणजे अशील कोर्टात गुन्हा कबूल करून, शिक्षेला मान तुकवून उभा आहे आणि वकीलसाहेब ओरडताहेत, निर्दोष, निर्दोष! क्षमेचा शिक्का एकट्या सासुकेजवळ आहे. त्याने मारायचा तर मारावा, नाही तर नाही. टी-शर्ट घालून तो मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, आजोबा, एवढं काय मनाला लावून घेता? कागदावरची माणसं ती! म्हणूनच तर लावून घेतो. कागदावर हा वाद मोकळेपणाने घालता येतो. घरात घालून बघा! आमच्या मांजरीत जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हापासून एक कागद घरोघर फार प्रिय झाला आहे. त्याचं नाव हक्कसोडपत्र. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, फक्त त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्राने कायदा बदलला तेव्हा ती लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्माने येतो. २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. कायद्याने आपलं काम केलं. मग दिवाळी येते. ताई माहेरी येते. ओवाळणी होते, साडी-चोळी होते, आणि निघताना दादा म्हणतो, ‘ताई, इथे एक सही कर. काही विशेष नाही. घराच्या भल्यासाठीच आहे. पोरांच्या डोक्याला पुढे ताप नको.’ ताईने मजकूर वाचायला घेतला तर दादाचा चेहरा पडतो. ‘एवढाही विश्वास नाही माझ्यावर?’

घ्या! युद्ध टाळलं, प्रेम होतं, दादाने कर्ज काढून तुझं लग्न लावलं म्हणजे सोसलंही. चौथा मुद्दा मात्र दादाला लागू होत नाही, कारण दादा तेरा वर्षांचा नसून त्रेपन्न वर्षांचा आहे. डोळ्यांत माया नाही, एवढं खरं. डोळ्यांत पाणी आणलं तरी तेच काम होतं. ताईने समजून उमजून, आपल्या खुशीने वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. त्यात मी पडणार नाही. पण समजून घेण्याआधीच सही घेणं आणि वर तिच्या वतीने आपणच स्वतःला क्षमा करून टाकणं, याला त्याग म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून बाकावरच्या मंडळींना माझं सांगणं आहे की ही पुस्तकं पोरांच्या हातून काढून घेऊ नका. थोरल्याने धाकट्याचं आयुष्य परस्पर ठरवलं तर त्याला काय म्हणायचं, यावर जी पोरं रविवारचा क्रिकेट सोडून दोन-दोन तास भांडतात, ती बिघडलेली नाहीत. इटाचीच्या बाजूने भांडणारीसुद्धा नाहीत. त्यांना निदान प्रश्न पडलाय. मंडळींची खरी धास्ती वेगळी असावी असा मला संशय आहे. मागच्या पानावरून पुढे वाचायची सवय लागलेली ही पोरं उद्या घरातला सातबारा हातात घेतील, त्यावर आत्याचं नाव पूर्वी होतं आणि आता का नाही, असं विचारतील, आणि उत्तर ऐकायला आत्यालाच बोलावतील.