बोटीतून होडीत, होडीतून धक्क्यावर

समुद्राच्या सफरीवर आम्ही काही लिहू असे आम्हालाही कधी वाटले नव्हते. आमचा समुद्र म्हणजे लोकलच्या खिडकीतून माहीमजवळ दिसतो तेवढाच. परंतु केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या गटातून एकदा भारतात कोठेही जाण्याची सवलत असते. एल. टी. सी. म्हणतात ती हीच. ती घेऊन २०१९ च्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब लक्षद्वीपला जाऊन आलो. कुटुंब म्हणजे आम्ही, मंडळी, बारा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आमची आई. आईचे नाव अर्जात लिहिताना ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढले. "तिचे गुडघे, तिचा दम, आणि बोटीतून होडीत उतरवणार कसे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळाले ते मात्र आम्ही समजत होतो त्याच्या उलट निघाले.

लक्षद्वीपला जायला आपल्याच देशात परवाना लागतो. पोलिसांचा दाखला, फोटो, ओळखपत्राच्या प्रती, असे सगळे गोळा करावे लागले. कारकुनाला कागदाचे भय नसते, त्यामुळे तो भाग लवकर उरकला. कोचीहून बोट निघाली. सातशे माणसे नेणारी मोठी बोट, तीत बेटावरची माणसे आणि आमच्यासारखे सहलीवाले दोन्ही. रात्रभर प्रवास, सकाळी एक बेट, संध्याकाळी पुन्हा बोटीवर, रात्री पुढचा प्रवास, असे तीन दिवस तीन बेटे. मंडळींना पहिल्याच रात्री बोट लागली. मुलाने दोन वेळचे जेवण एका वेळी जेवून घेतले. आई डेकवर बाकावर बसून होती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सहलीच्या पत्रकात ती एका ओळीत उरकलेली असते. मोठी बोट बेटाच्या धक्क्याला लागेलच असे नाही. ही बेटे प्रवाळाची आहेत. बेटाच्या भोवती प्रवाळाचा कडा, कड्याच्या आत उथळ, संथ, हिरवे-निळे पाणी. त्याला लगून म्हणतात. कड्याच्या बाहेर तळ एकदम खोल जातो. मोठी बोट आत शिरू पाहील तर कड्यावर बसेल. म्हणून ती बाहेर उभी राहते आणि बेटावरून होड्या येतात. वल्ह्यांच्या नव्हेत, इंजिनाच्या, चांगल्या रुंद. मग बोटीच्या पोटातला, पाण्यापासून थोडाच वर असलेला दरवाजा उघडतात आणि तेथून एकेका माणसाला होडीत उतरवतात. कॅप्टन आधी बोट अशी वळवून उभी करतो की वारा आणि लाटा दुसऱ्या बाजूने याव्यात. बोटीचे धूड हाच होडीला आडोसा. तरीही होडी वरखाली होतच राहते. कधी ती दरवाज्याच्या बरोबरीने येते, कधी कमरेइतकी खाली जाते. ती बरोबरीने येते तो क्षण एवढाच आपला.

पहिल्या दिवशी कवरत्ती. लाइफ जॅकेट घालून आम्ही रांगेत उभे होतो. आमच्या एका हातात पिशवी होती, तीत पाण्याची बाटली, टॉवेल, बिस्किटे आणि आमची नोंदवही. आई मागून म्हणाली, "पिशवी गळ्यात अडकव, नाही तर बाबूच्या पाठीवर दे. दोन्ही हात मोकळे ठेव." आम्ही म्हणालो, "आई, तू तुझे बघ." हे वाक्य आम्ही बोललो, ते येथे लपवीत नाही.

दरवाज्यात दोन खलाशी, होडीत दोन. आम्ही हात पुढे केला तसा खलाशाने पंजा न धरता मनगटच पकडले आणि म्हणाला, "चलो." होडी त्या वेळी वर आली होती. आम्ही खाली पाण्याकडे पाहिले. मधल्या फटीत पाणी काळे दिसत होते आणि चुबुक-चुबुक आवाज येत होता. त्या एका पाहण्यात वेळ गेली. पाय उचलला तेव्हा होडी खाली चालली होती. एक पाय उंबऱ्यावर, एक अधांतरी, एका हातात पिशवी. वरच्याने मनगट सोडले नाही आणि खालच्याने कमरेला मिठी मारली म्हणून आज हा मजकूर लिहीत आहोत. पिशवी गेली. एक चप्पल गेली. आम्ही होडीत एका अनोळखी शिक्षकांच्या मांडीवर जाऊन बसलो. ते बिचारे "काही लागले का" म्हणून विचारीत राहिले, आणि आम्हाला मान वर करवेना.

मग आई आली. पदर खोचलेला, हात रिकामे. ती लगेच निघाली नाही. खलाशी "चलो" म्हणाला तरी तिने मान हलवली, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. खलाशीही समजला, गप्प राहिला. तिने पाण्याकडे पाहिलेच नाही, होडीतल्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होती. होडी वर आली आणि ती जिन्याची एक पायरी उतरावी तशी उतरली. उडी नाही, ओरडा नाही. होडीतला पोरगा म्हणाला, "अम्मा ठीक है." आमच्याबद्दल कोणी काही म्हणाले नाही.

बेटावर नारळाच्या सावलीत जेवताना आम्ही तिला विचारले, हे तुला कोठून येते? ती दापोली तालुक्यातली. लहानपणी मुंबईला गिरणीत असलेल्या वडिलांकडे ये-जा व्हायची ती बोटीने. भाऊच्या धक्क्यावर चढायचे आणि हर्णैला उतरायचे. हर्णैला धक्का नव्हता. बोट दूर उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे. रात्र असो, पहाट असो, पडावात उतरायचे, आणि पडावही वाळूला लागायचा नाही, शेवटी पाण्यातून चालत जायचे. बायकांच्या डोक्यावर बोचके, काखेत पोर. आईची आई तिला सांगे, पोर आधी दे, बोचके मग दे, आणि हात मोकळे झाल्यावर स्वतः उतर. पाऊसकाळात बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा सुरू व्हायच्या. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, त्याची बोलणी आईच्या लहानपणीही कोकणात घरोघरी चालत. त्यामुळे पोरे बोटीत मस्ती करीत नसत, तांडेलाने बस म्हटले की बसत. पुढे एस. टी. आली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, आणि पडावात उतरण्याची ही विद्या कोणाच्या कामाची राहिली नाही. आम्ही तिच्या पोटचे असून हे आम्हाला पन्नाशीकडे झुकताना कळते, याला काय म्हणावे?

आमचा एक भाचा परदेशी क्रूझवर किचनमध्ये काम करतो. कोकणातली, गोव्यातली कितीतरी मुले या नोकऱ्यांत आहेत. परत आल्यावर त्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामा, तीन-तीन हजार माणसांच्या बोटींनाही हेच करावे लागते." लहान बंदरात मोठी बोट मावत नाही, मग बोटीच्या अंगावर टांगलेल्या लाइफबोटी खाली सोडतात आणि त्यांतूनच माणसे किनाऱ्यावर नेतात. अशा होडीला टेंडर म्हणतात. नंबराच्या चिठ्ठ्या वाटतात, नंबर पुकारला की खाली जायचे. शेवटची होडी किती वाजता हे सकाळीच सांगतात. ती चुकली तर बोट थांबेलच असे नाही. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाला तर होडीतून उतरल्यावर समोर उभा कडाच आहे. वर गावात जायला सुमारे सहाशे पायऱ्या, नाही तर दोरावरच्या पाळण्याची रांग. लाटा वाढल्या की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला उतरवीत नाहीत, आणि त्याहून वाढल्या की कोणालाच नाही. हात द्यायचा नाही, मनगट द्यायचे, हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. घामाने, पाण्याने पंजा सुटतो; मनगटाला मनगट धरले तर एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. तो आणखी एक म्हणाला, ते आम्हाला झोंबले. पडणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका कमी, हात झिडकारणारे पुरुष जास्त.

दुसऱ्या दिवशी मिनिकॉय. तेथले लगून फार मोठे, त्यामुळे होडीत बराच वेळ बसावे लागले. या बेटाची भाषा महल, बाकीच्या बेटांसारखी मल्याळम नाही. तेथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत. १८८५ सालचे दीपगृह आहे, मुलगा वरपर्यंत चढून आला. त्या दिवशी आम्ही हात मोकळे ठेवले होते आणि नीट उतरलो, एवढेच आमच्याबद्दल. परंतु उतरण्यापेक्षा परत चढणे अवघड, हे कोणी सांगत नाही. माणूस दिवसभर उन्हात दमलेला असतो, कपडे ओले, पायाला वाळू, आणि संध्याकाळी वारा वाढलेला. आईने परत येताना पाय पुसून घेतले, मुलालाही पुसायला लावले. ओल्या वाळूचा पाय लोखंडी उंबऱ्यावर घसरतो, हे तिचे म्हणणे. त्या दिवशी दोघेजण खरोखरच घसरले, सुदैवाने आतल्या बाजूला.

तिसऱ्या दिवशी कल्पेनी. सकाळी डेकवर आलो तेव्हाच समुद्राचा रंग बदललेला दिसला. बेट समोर होते, नारळीची झाडे दिसत होती. लाउडस्पीकरवर सांगितले, लाटा मोठ्या आहेत, साठ वर्षांवरील प्रवाशांनी आणि लहान मुलांनी उतरू नये. तासाभराने सांगितले, कोणीच उतरू नये. मग जे व्हायचे ते झाले. एक गृहस्थ मोठ्याने बोलू लागले, पैसे पूर्ण भरले आहेत, समोर बेट दिसते आहे, होडी आली आहे, मग अडचण काय? त्यांच्यामागे दहा-बारा माणसे जमली. त्यांत आम्हीही होतो. आम्ही बोललो नाही, पण माना डोलावल्या. समाजाच्या कामात आम्ही कितीतरी मोर्चे काढले, अधिकाऱ्याने नाही म्हटले की त्याच्यापुढे ठाण मांडायचे एवढे आम्हाला पाठ. परंतु हे नाही निराळे होते. हे नाही समुद्राचे होते, कॅप्टन नुसता ते वाचून दाखवीत होता. आईला साठीच्या वर म्हणून सगळ्यांत आधी अडवले होते. तिने "बरं" म्हटले आणि कागदात बांधलेला नाश्ता सोडून मुलाला खायला दिला. आम्ही तिच्याकडे परत आलो, तेव्हा तिने आमच्यासाठीही ठेवला होता.

अकराच्या सुमारास खालच्या दरवाज्यापाशी गडबड झाली. कोणालाच उतरवायचे नाही म्हणून जो दरवाजा बंद ठेवला होता, तो उघडला. बेटावरून एक होडी कड्यातून बाहेर येत होती. पुढचे टोक उडत होते, मध्येच ती लाटेमागे दिसेनाशी होई. तिच्यात मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची दोरांनी बांधलेली, खुर्चीत चादरीत गुंडाळलेली एक म्हातारी, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून तीन-चार माणसे. कोचीच्या इस्पितळात न्यायचे होते. बेटावरच्या माणसांना याच दरवाज्यातून शाळा-कॉलेजला, बाजाराला, इस्पितळाला जावे लागते. फारच तातडी असेल तर हेलिकॉप्टर. बाकी सारे असेच.

ते गृहस्थही वरच्या कठड्याला येऊन उभे राहिले. कोणी बोलत नव्हते. होडी तीनदा जवळ आली आणि तिन्ही वेळा तांडेलाने ती मागे घेतली. त्याने घाई केली नाही. सोबतची मुलगी रडत त्याला काहीतरी सांगत होती, तरीही नाही. चौथ्या वेळी होडी वर आली ती क्षणभर दरवाज्याच्या रेषेत थांबल्यासारखी झाली, आणि सहा हातांनी खुर्ची आत घेतली. दोर आतून ओढलेला, म्हातारीचे डोके एकाने छातीशी धरलेले. मुलगी नंतर आली. तिच्या खांद्यावर बोचके होते. दरवाज्यातल्या खलाशाने आधी ते मागून घेतले, मग तिचे मनगट धरले.

आमच्या शेजारी आई उभी होती. ती म्हणाली, "चांगला तांडेल आहे."

त्या रात्री ती डेकवर आली नाही. खाली त्या मुलीजवळ बसली होती. दोघींची एक भाषा नाही. मुलगी मल्याळम बोलत होती, आई मराठी. आम्ही जेवायला बोलवायला गेलो तेव्हा म्हातारी झोपली होती आणि आईने स्वतःची शाल तिच्या पायांवर टाकली होती. ती शाल परत मागायची नाही असे आम्हाला डोळ्यांनीच सांगितले.

कोचीला बोट थेट धक्क्याला लागली. रुंद शिडी, दोन्ही बाजूंना कठडे, खाली रुग्णवाहिका उभी. आधी खुर्ची उतरली, मग आम्ही सगळे. शिडीच्या तोंडाशी आईने आमच्या हातातली नवी पिशवी काढून घेतली आणि आमच्या गळ्यात अडकवली.