सूर हवेत, त्यांबरोबर हकीकतही हवी

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारो लोक जमतात, भीमगीते होतात. परंतु जवळच शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत राबणारा आजचा तरुण १९७८ नंतर जन्मलेला आहे. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि लगोलग मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. हे या तरुणाला कोण सांगणार? गाणे सांगेल, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

नाझींच्या टेरेझिन छावणीत हान्स क्रासा या ज्यू संगीतकाराच्या ‘ब्रुंडिबार’ या बालसंगीतिकेचे ५५ प्रयोग झाले. कैदेतील मुलांना तिने धीर दिला. मात्र जून १९४४ मध्ये रेडक्रॉसचे निरीक्षक आले, तेव्हा छावणीत सारे आलबेल असल्याचा देखावा करण्यासाठी तीच संगीतिका वापरली गेली. पुढे ऑक्टोबरात क्रासांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. गाणाऱ्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. सूर साक्षीदार होतो, तसाच पडदाही होतो. नुसत्या सुरावर विसंबून चालत नाही.

आपल्याकडे यावर उपाय जुनाच आहे. पोवाड्यात शाहीर मध्येच थांबतो आणि कोण, कुठे, केव्हा हे गद्यात सांगतो. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी याच रीतीने निरक्षरांची शाळा चालविली. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा लढा याच घाटात मुंबईच्या कामगारापर्यंत पोहोचविला. नामांतराच्या बळींचे स्मरणही असेच व्हावे : गावाचे नाव, माणसाचे नाव, तारीख आणि हल्ल्यामागचे कारण यांसह.

जखमा भरून येण्याची भाषा अलीकडे फार ऐकू येते. परंतु ज्याचे घर जळाले त्यानेच गावे, त्यानेच ऐकावे आणि त्यानेच विसरावे, याला जखम भरणे म्हणत नाहीत. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, ते या प्रश्नाचे उत्तरदायित्व साऱ्या समाजाचे आहे हे जाणून. म्हणून हा पोवाडा वस्तीपुरता न राहता गावच्या चावडीपुढे, शाळेत आणि शेंद्र्याच्या कारखान्यांच्या दारांशी झाला पाहिजे. ज्यांच्या वाडवडिलांनी त्या रात्री कवाडे लावून घेतली, त्यांच्या मुलांनी तो प्रथम ऐकावा. समेटाची सुरुवात तेथून होईल.