भराव आधी, हिशेब पन्नास वर्षांनी

नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घ्यायचे राज्य सरकारने ठरवले, तेव्हा वाद झाला तो भाव रास्त की चढा एवढाच. जमीन मुळात सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातली खाती ठिकठिकाणी विखुरली होती, त्यांना जागा हवी होती. व्यवहारात गैर काही नाही. पण ती तेवीस मजली इमारत ज्या भरावावर उभी आहे, त्याचा इतिहास भावापेक्षा जास्त सांगून जातो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन विकू म्हणणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे अनभिषिक्त राजे. मग युद्ध संपले, १ जुलै १८६५ ला वायदे फेडायची वेळ आली आणि अर्धे शहर दिवाळखोरीत निघाले. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. समुद्र जागचा फारसा हलला नव्हता.

दुसऱ्या खेपेला शेअरवाले नव्हते, खुद्द सरकार होते. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) काढले आणि बॅकबेचे आठ ब्लॉक भरायला घेतले. दगड कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने यायचा; बंदरातला चिखल ड्रेजरने उपसून नळांतून कुलाब्याच्या पलीकडे ढकलायचा, असा बेत. चिखल आला, पण बंधाऱ्याच्या दगडांमधून पुन्हा समुद्रात निघून जाऊ लागला. कागदावरचा भराव वाढत होता, जागेवरचा वाढत नव्हता. मुंबईचे वकील आणि नेते वीर नरिमन यांनी या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली, तेव्हा हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. लोकांनी योजनेला ‘लॉईडची घोडचूक’ ठरवले आणि मधले चार ब्लॉक पाण्यातच राहिले. पुढे त्याच पाण्यात जमीन उभी राहिली आणि तिला नाव मिळाले नरिमन यांचे! आपल्या सरकारला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

लॉईड यांच्या या खात्याचे दुसरे अपत्य मात्र इतिहास लिहिणारे वेगळ्या कप्प्यात टाकतात. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी याच खात्याने, याच वर्षांत बांधल्या. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. १६० चौरस फुटांची खोली, काँक्रीटच्या भिंती, मजल्यावर सामायिक संडास. सुरुवातीला गिरणी कामगारांना भाडे परवडेना आणि शेकडो खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंगही झाला. म्हणजे १९३० साली पाहिले असते, तर खात्याची दोन्ही कामे फसलेलीच दिसली असती. पुढे चाळी माणसांनी गच्च भरल्या आणि बॅकबेवर टॉवर आले. फरक आहे तो वाट्याचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सर्वांत महाग भाड्यांत गणली जात होती. बीडीडीतल्या माणसाला मोठ्या घराची किल्ली मिळायला २०२५ उजाडले, आणि तीही वरळीत पहिल्या काही शे कुटुंबांना.

भराव फळाला यायला पन्नास वर्षे लागतात, याबद्दल माझी तक्रार नाही. सरकार तेवढे थांबू शकते, थांबावेही. तक्रार आहे ती एकाच हाताने दोन उलट कामे करण्याची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर सुचवले. कचेऱ्या तिकडे गेल्या की दक्षिण मुंबईवरचा भार हलका होईल, हा त्यामागचा विचार. सरकारने तो मानला, १९७० मध्ये नवी मुंबई उभारायला सिडको हे महामंडळ काढले, ९५ गावांची जमीन घेतली. आणि त्याच दशकात नरिमन पॉइंटचे भूखंडही भाडेपट्ट्याने दिले. सचिवालय, म्हणजे आजचे मंत्रालय, जागचे हलले नाही. ज्याला कचेरी मंत्रालयाच्या हाकेच्या अंतरावर मिळते, तो बेलापूरला कशाला जाईल? पुढे एमएमआरडीएच्या वांद्रे-कुर्ला संकुलाने नरिमन पॉइंटचे भाडेकरू ओढले, तेव्हा विकेंद्रीकरण झाले खरे, पण खाडीच्या अलीकडेच.

नव्या शहराची किंमत मोजली ती त्या ९५ गावांनी. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे सूत्र आले. म्हणजे जमीन आधी गेली, वाटा मागाहून आणि रक्त सांडल्यावर ठरला.

आता अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल आणि पेणच्या १२४ गावांत तिसरी मुंबई आखली जात आहे. पूल २१.८ किलोमीटरचा, गाडीने काही मिनिटांचा. ऑफिसांचे टॉवर, डेटा सेंटर, विमानतळाची जवळीक, सगळे आराखड्याच्या भाषेत आलेच आहे. या वेळी पहिला भूखंड विकायच्या आधी दोन आकडे जाहीर व्हावेत: मूळ गावकऱ्यांना किती टक्के जमीन आणि कोणत्या वर्षी, आणि या टॉवरमध्ये झाडू मारणाऱ्या, चहा देणाऱ्या, पहारा करणाऱ्या माणसाला परवडतील अशी घरे किती. या दोन आकड्यांवर सही होईपर्यंत लिलावाची तारीख लावू नये.