वाङ्मयाच्या उंबरठ्यावर विज्ञान

वाङ्मयीन मासिकात विज्ञानाचे काय काम, असा प्रश्न आपल्यांतील सुजाण मंडळीच करतात. त्यांना दामोदर धर्मानंद कोसंबी हे एकच उत्तर पुरे. गोव्यात १९०७ साली जन्मलेल्या या गणितज्ञांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असता, १९४३-४४ च्या सुमारास, इंग्लंडमधील 'अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स'मध्ये अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध केला. गुणसूत्रांत एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या निकट दुसरी होण्याचा संभव घटतो. हे ध्यानी घेऊन जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी दिले. पिकांच्या जनुकांचे नकाशे आजही त्या सूत्राने आखले जातात. आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे पंडितही हेच! यांतील पंडिताला पाट मांडावा आणि संशोधकाला ओसरीवरूनच परत धाडावे, हा कोठला न्याय?

परप्रांती आपल्या घरांतून मुले जनुक इंग्रजीत शिकतात आणि आरती तेवढी मराठीत म्हणतात. जी भाषा विचाराला लागत नाही, ती पुढल्या पिढीत केवळ देव्हाऱ्यात उरते. तिची पूजा होईल. तिच्याशी कोणी बोलणार मात्र नाही. मग दोष मुलांना देऊ नये. दार आपणच लावून घेतले होते.